एल हिएरोच्या विजेचा हिशेब

प्रिय सुहास,

तू सांगितलेलं ते ‘शंभर टक्के वाऱ्यावर चालणारं बेट’ मी पार खणून काढलं. स्पेनच्या कॅनरी बेटांतलं एल हिएरो, वस्ती जेमतेम अकरा हजार. २०१४ मध्ये गोरोना देल व्हिएंतो प्रकल्पाचं उद्घाटन झालं तेव्हा जगभर गाजावाजा: डिझेलला रामराम! पाच पवनचक्क्या, साडेअकरा मेगावॉट. वारा भरपूर असला की खालच्या तळ्यातलं पाणी साडेसहाशे मीटर वर, ज्वालामुखीच्या जुन्या विवरात चढवायचं. वारा पडला की तेच खाली सोडून वीज करायची.

मेख आहे ती खालच्या तळ्यात. वर ३,८०,००० घनमीटर पाणी मावतं, खाली फक्त दीड लाख. खाली मावेल तेवढंच वरून सोडता येणार ना! कागद-पेन्सिल घेऊन बसलो. बेटाला सरासरी पाच मेगावॉट लागतात असं धर, तर पाणी पुरतं दोनेक दिवस. वारा त्याहून जास्त रुसला की डिझेल आलंच. २०१८ मध्ये वारा-पाण्याच्या विजेचा वाटा वर्षाच्या सरासरीत पन्नास टक्क्यांच्या थोडा वर गेला; २०१९ च्या उन्हाळ्यात तर तीन आठवड्यांहून जास्त सलग डिझेलशिवाय भागलं. मला हे भारीच वाटतं. शंभरचा ढोल बडवला नसता तर कोणी नावं ठेवली नसती.

बहुसंख्य मालकी काबिल्दोची, म्हणजे बेटाच्या सरकारची. डिझेलवरचं वीजकेंद्र एंडेसा या वीज कंपनीचं, आणि तिचाही या प्रकल्पात हिस्सा (हे वाचून मी हसलोच). सगळे घरचेच! पण मोजणारा तिऱ्हाईत आहे: रेड एलेक्ट्रिका, स्पेनची ग्रिड सांभाळणारी. दर काही मिनिटांचे आकडे ती सगळ्यांसाठी खुले ठेवते. परवा रात्री तो आलेख बघत बसलो. वाऱ्याची रेघ उतरायला लागली की पाण्याची वर सरकते, तीही दमली की डिझेलची. मंत्र्याचं भाषण एकीकडे आणि ही रेघ एकीकडे. कुठल्याही शाळामास्तराला ताडून बघता येतं. आपल्याकडे ‘सौरग्राम’ची पाटी लागते, पण मीटरचा आकडा मागून बघ कधी.

आणखी एक. स्पेनमध्ये बेटावरच्या वीजदराला देशभरच्या ग्राहकांचा टेकू असतो; वाढीव खर्च सगळे मिळून उचलतात. म्हणजे जाब विचारायचा हक्क माद्रिदच्या भाडेकरूलाही हवा. काबिल्दो इतक्या लांबच्या माणसाला दाद देईल का? तू पंचायत समितीत मुरलेला गडी, तूच सांग.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिलीप