चूक ओळीत नाही, कंसात असते

महोदय,

लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेतला प्रोग्रॅम चुकला की बरेच जण जागोजागी 'मेसेज' (मजकूर छापणारी आज्ञा) पेरतात आणि काय छापून येते ते बघत बसतात. पण इथे एका ओळीत पाच-सहा कंस एकात एक बसलेले असतात आणि प्रत्येकाची किंमत वेगळी. ओळ सापडली तरी चोर सापडत नाही. ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरसोबतच येणारा एडिबग हा डीबगर, म्हणजे चूक शोधायला मदत करणारे साधन, यासाठीच आहे.

फंक्शनच्या आत कर्सर ठेवून आधी कंट्रोल-यू, मग कंट्रोल-मेटा-एक्स दाबा. मेटा म्हणजे सहसा ऑल्ट. आता फंक्शन चालवले की ते सुरुवातीलाच थांबेल. स्पेसबारच्या प्रत्येक ठोक्याला एडिबग एक पाऊल पुढे सरकतो: कंसाच्या आधी, कंसानंतर, व्हेरिएबलनंतर. किंमत खाली दिसते. सरासरीचे फंक्शन घ्या. बेरीज ७, संख्या २, दोन्ही बरोबर; भागाकार मात्र ३! दोन्ही पूर्णांक असले की ईमॅक्स लिस्प अपूर्णांक सोडून देते. 'फ्लोट' (पूर्णांकाला दशांश संख्या करणारे फंक्शन) लावून हे सुटते, पण नवी गोम निघते. रिकाम्या यादीवर पूर्वी निदान एरर येत असे, आता निमूटपणे 'नॅन' (म्हणजे 'ही संख्याच नाही') परत येतो. म्हणून यादी रिकामी आहे का, ही अट आधी हवी.

मोठ्या लूपमध्ये स्पेसबार बडवू नका. एक्स दाबून सशर्त ब्रेकपॉइंट (अट खरी ठरली तरच थांबण्याची खूण) लावा आणि जी दाबून प्रोग्रॅम तिथपर्यंत चालू द्या. स्वतः लिहिलेल्या मॅक्रोच्या (कोड तयार करून देणाऱ्या कोडच्या) आत मात्र एडिबग शिरत नाही, कारण त्यातला कोणता भाग चालणारा कोड आहे हे त्याला ठाऊक नसते. ते मॅक्रोच्या 'डिक्लेअर'मध्ये 'डीबग'ने सांगावे लागते. काम झाल्यावर कंट्रोल-यू न लावता, नुसते कंट्रोल-मेटा-एक्स दाबून फंक्शन पुन्हा इव्हॅल्युएट करा, नाहीतर ते दर वेळी अडेल.

चाचण्या पुरेशा आहेत का, हे एडिबगवरच उभे असलेले टेस्टकव्हर सांगते. 'टेस्टकव्हर-स्टार्ट'ला फाइल द्या, चाचण्या चालवा, मग 'टेस्टकव्हर-मार्क-ऑल'. लाल ठिपका म्हणजे तो भाग पूर्ण चाललाच नाही, तपकिरी म्हणजे दर वेळी एकच किंमत आली. लाल सगळेच बघतात. आमच्या मते तपकिरी अधिक बोलका. वरच्या फंक्शनला रिकामी यादी कधी दिलीच नसेल, तर ती अट तपकिरी राहते, चाचण्या सगळ्या पास झाल्या तरी.

– लिस्प वापरणारे काही वाचक, पुणे