पेट्रोल घरात नको

वादळाचा इशारा आला की आमच्याकडे पंपावर रांग लागते आणि हातात असतात पाण्याच्या रिकाम्या बाटल्या! ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडातली कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती; जनरेटरसाठी साठा करावासा वाटणारच. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत सरकत थेट देवघरातल्या समईपर्यंत पोचते. घट्ट झाकणाचा धातूचा कॅन, तोही घराबाहेर सावलीत, एवढे तरी पाळावे. जनरेटर बंद पडवीत चालवणारेही आहेत. त्या धुराने माणूस झोपेतच जातो. तांदूळ, कुळीथ, सुकी मासळी यांची बेगमी मात्र खुशाल करावी. प्रशासनाने मे महिन्यातच पंपांवर बाटल्यांची तपासणी सुरू करावी.

– एक वाचक, दापोली