बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन लगेच का नाही

आई, बाबा,

फोनवर बोलायला लागलं की आईला रडू येतं आणि बाबा "मला काही झालेलं नाही" एवढंच म्हणतात, मग सांगायचं ते राहूनच जातं, म्हणून आज सगळं नीट लिहून काढतेय. आई, तू हे बाबांना वाचून दाखव. त्यांना वर बघताना एकाचे दोन दिसतात ना, मग मोबाईलमध्ये डोळे ताणत बसायला नको.

आधी तुझा प्रश्न घेते आई. बाबा पडले आणि डाव्या डोळ्याखालचं हाड मोडलंय, तर प्लास्टर का नाही, ऑपरेशनची तारीख का देत नाहीत, डॉक्टर टाळतायत का? अगं नाही टाळत. डोळ्याची खोबण सात हाडं मिळून बनलेली असते, तिची बाहेरची कड जाड असते पण डोळ्याखालचा तळ आणि नाकाकडची भिंत फार पातळ, नाकाकडची तर कागदासारखी. समोरून जोरात मार बसला की खोबणीच्या आत दाब वाढतो, कडेला हिसका बसतो आणि सगळ्यात पातळ भाग आधी फुटतो. याला ब्लोआउट फ्रॅक्चर म्हणतात, हे नाव १९५७ पासून चालत आलंय. तिथे प्लास्टर घालता येत नाही आणि घालायची गरजही नाही, कारण पायाच्या हाडावर येतो तसा भार तिथे येतच नाही. म्हणून बरीच फ्रॅक्चर्स ऑपरेशनशिवाय बरी होतात, आणि डॉक्टर हाडापेक्षा डोळ्याकडे जास्त बघतायत ते बरोबरच आहे. नजर शाबूत आहे ना, डोळा सगळीकडे फिरतो ना, तो आत खोल तर गेला नाही ना, यावरच सगळं ठरतं.

तू पाठवलेल्या व्हिडिओत डॉक्टर बोट वर नेतात तेव्हा बाबांचा उजवा डोळा वर जातो आणि डावा अर्ध्यात थांबतो, ते मी परत परत बघितलं. असं दोन कारणांनी होतं. एक म्हणजे नुसती सूज आणि साकळलेलं रक्त, ते उतरलं की डोळा आपोआप मोकळा होतो. दुसरं म्हणजे डोळा फिरवणारा स्नायू किंवा त्याच्या भोवतीची चरबी मोडलेल्या हाडाच्या फटीत अडकणं, ते मात्र सोडवावं लागतं. सीटी स्कॅनमध्ये बाबांचा स्नायू अडकलेला दिसत नाही, म्हणून डॉक्टर सूज उतरायची वाट बघतायत, आणि सूज असताना डोळा किती आत गेलाय हेही नीट कळत नाही. मोठ्या माणसांमध्ये ऑपरेशन लागलंच तर साधारण दोन आठवड्यांच्या आत करायचं बघतात, त्यामुळे आत्ता थांबलो म्हणून काही हातचं जात नाही. लहान मुलांचं वेगळं असतं, त्यांचं हाड लवचिक, ते वाकून परत मिटतं आणि स्नायू चिमटीत धरतं, बाहेरून डोळा पांढराशुभ्र दिसतो पण मूल उलट्या करत असतं, तिथे एक-दोन दिवसांत ऑपरेशन करावं लागतं. शेजारच्या काकूंनी ज्या मुलाचं सांगितलं ना आई, त्याचं बहुतेक हेच असणार, बाबांशी त्याची तुलना करू नकोस.

आता बाबा, हे तुमच्यासाठी आणि इथे मी अजिबात ऐकणार नाही. नाक शिंकरायचं नाही. काही आठवडे तरी नाहीच, डॉक्टर हो म्हणेपर्यंत. मोडलेल्या भिंतीच्या पलीकडे सायनसची पोकळी आहे, जोर लावला की तिथली हवा आणि जंतू डोळ्याच्या खोबणीत शिरतात आणि पापणी एकदम फुगते. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्या, दाबू नका. झोपताना डोकं उंच ठेवा. आणि तुमची रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, हार्टच्या आणि डोळ्याच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलून ठरवू दे, नुसतं "चालू आहे" असं सांगून गप्प बसू नका, नाव आणि डोस दाखवा. गाल, वरचा ओठ आणि वरचे दात बधीर वाटतात म्हणून तुम्ही घाबरलात, पण ती नस त्या तळातूनच जाते, धक्क्याने ती बधीर होते आणि बऱ्याचदा काही महिन्यांत हळूहळू जाणीव परत येते.

आई, एक गोष्ट तू लक्षात ठेव. डोळा अचानक खूप दुखायला लागला, बाहेर आल्यासारखा दगडासारखा घट्ट झाला किंवा त्या डोळ्याने अंधुक दिसायला लागलं, तर मला फोन करत बसू नकोस, रात्र असली तरी सरळ इमर्जन्सीत घेऊन जा. आत रक्त साठून नजरेच्या नसेवर दाब आला तर तिथे तासांचाच हिशोब असतो. दिवसातून दोन-तीन वेळा बाबांचा चांगला डोळा झाकून दुसऱ्याने कॅलेंडरवरचे आकडे वाचून घे, एवढ्याने बरंच कळतं.

आणि ऑपरेशन ठरलंच तरी ते ऐकून हबकू नका. पूर्ण भूल देतात, बऱ्याचदा खालच्या पापणीच्या आतून जातात त्यामुळे चेहऱ्यावर व्रण दिसत नाही, अडकलेलं सोडवतात आणि तळाला टायटॅनियमची पातळ जाळी किंवा तसलंच काहीतरी बसवतात. कधी स्वतःचंच हाड वापरतात. त्यानंतर डबल दिसणं लगेच जाईलच असं नाही, काही आठवडे, कधी काही महिने लागतात, हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर बाबा दुसऱ्याच दिवशी म्हणतील ऑपरेशन फुकट गेलं.

तोपर्यंत जिना एकट्याने उतरायचा नाही बाबा, खाली बघताना पायऱ्या दोन दिसल्या तर परत पडाल. आणि मुळात चक्कर येऊन पडलात की पाय घसरून, हे डॉक्टरांना अजून कुणी सांगितलेलंच नाहीये, ते पुढच्या भेटीत आई तू सांग, आणि तेव्हा फोन स्पीकरवर ठेव, डोळा किती मिलिमीटर आत गेलाय ते मी स्वतः विचारणार आहे.

तुमची,
ताई