कपाळ वेगळं, गाल वेगळे

सेलू, जि. परभणी

चि. रेवा हिस पप्पाचे अनेक आशीर्वाद.

रविवारी तू चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांबद्दल मम्मीशी बोललीस त्यातलं निम्मं मी काउंटरवरून ऐकलं, उरलेलं तिनं जेवताना सांगितलं. होस्टेलला तुमचे मोबाइल जमा, म्हणून लिहूनच पाठवतो. शेजारचे काका उद्या लातूरला निघालेत, पिशवी त्यांच्याकडं देतोय.

"मला आता केमिकल काही नको, सगळं नॅचरल पाहिजे," असं तू म्हणालीस म्हणे. मेडिकलवाल्याच्या पोरीनं असं म्हटलं म्हणून मला काही वाटलं नाही. उलट मी रोज बघतो, ज्याच्या घरी ट्यूबा जास्त त्याचाच चेहरा जास्त बिघडलेला. पण मैत्रिणीनं लिहून दिलेली ती यादी फाडून टाक. लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट! नॅचरल तर बिब्बाही आहे. बिब्बा उतलेला माणूस तू आजोळी डोळ्यांनी बघितलायस. लिंबाचा रस चेहऱ्याला फार आंबट पडतो, वर ऊन लागलं तर डाग उठतात. सोडा उलट्या, म्हणजे अल्कलीच्या बाजूनं त्वचा सोलतो. टूथपेस्ट दातांसाठी असते, त्याच्यावर अजून काय लिहू?

तुझं दुखणं असं आहे की चेहरा एक पण त्वचा दोन तऱ्हेची. कपाळ, नाक, हनुवटी इथं तेलाच्या ग्रंथी दाट, गालांवर विरळ. म्हणून दुपारी क्लास सुटतो तेव्हा नाक चमकतं आणि त्याच वेळी गाल ओढल्यासारखे होतात. वयात आल्यावर हार्मोनमुळं या ग्रंथी जास्त सीबम, म्हणजे त्वचेचं तेल, सोडतात. छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी चिकटून बूच बसतं, आत जंतू वाढतात आणि पुटकुळी सुजते. (सीबम तुझ्या अकरावीच्या उत्सर्जनाच्या धड्यात आहे, बघून ठेव.) तू तेल निघावं म्हणून सगळा चेहरा साबणानं खसखसून धुतेस, त्यात गालांचा जीव जातो आणि कपाळाचं तेल दोन तासांत परत येतं. एकाच गटात काळी आणि बरड अशी दोन्ही जमीन असली तर आपण दोन्हीला पाण्याची पाळी सारखी धरत नाही. तसंच कर.

आधी पाण्याचं बघ. होस्टेलला कधी बोअर, कधी टँकर. आपल्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, पांढरा साका होतो. बादलीच्या आतल्या कडेला जो चिकट थर बसतो ना, बोटानं खरवडून बघ, तोच गालावर राहतो. शिवाय अंगाच्या साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ९ ते १०, आणि चेहऱ्याच्या त्वचेचा ५ च्या आसपास. म्हणून सकाळी नुसत्या पाण्यानं तोंड धू आणि संध्याकाळी पिशवीतला साधा, बिनसाबणाचा, बिनवासाचा फेसवॉश वापर. तो काही शेतात पिकत नाही हे मलाही कळतं, पण एवढं माझं ऐक. शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घे.

आठवड्यातून दोन संध्याकाळी फेसवॉशऐवजी मसुरीचं पीठ चालेल. मम्मीनं दळून दोनदा वस्त्रगाळ केलंय. चिमटीत घेऊन बघ, मैद्यासारखं लागलं पाहिजे. तळहातावर पाण्यात पातळ कालवायचं, बोटं हलकी फिरवायची, धुऊन टाकायचं. घासायचं नाही. अक्रोडाच्या टरफलाचा तो दाणेदार स्क्रब तर हातातही धरू नको, सुजलेल्या पुटकुळीवर घासलं की ती आणखी चिडते.

तपकिरी छोटी बाटली आहे ती करडीच्या तेलाची. लाकडी घाण्यावरून मी स्वतः उभा राहून आणलंय, कारण पुड्यातलं रिफाइंड तेल मला या कामाला नको होतं. करडी आपल्या मराठवाड्याचं रब्बीचं पीक. परभणीच्या कृषी विद्यापीठानं तिचे वाण काढले, 'परभणी कुसुम' हे नाव तू मामाच्या तोंडून ऐकलेलंच आहेस. काढणीला त्या काट्यांनी मामाचे हात कसे होतात तेही तुला माहीत आहे. तर या तेलात लिनोलिक आम्ल, म्हणजे तेलातलंच एक स्निग्ध आम्ल, ७० टक्क्यांच्या वर असतं. मुरूम येणाऱ्यांच्या सीबममध्ये नेमकं हेच आम्ल कमी असतं, असं संशोधकांना दिसलेलं आहे. तेल लावलं की मुरूम जातील असा त्याचा अर्थ काढू नको. पण कोरड्या गालाला तेल लावायचंच आहे तर खोबरेल कशाला? खोबरेल घट्ट, मुरमाच्या चेहऱ्यावर छिद्रं बुजवतं. हे पातळ आहे. रात्री तोंड धुतल्यावर गाल ओलसर असतानाच दोन थेंब, फक्त गालांना. कपाळाला आणि नाकाला अजिबात नाही. आधी कानामागं लावून दोन दिवस वाट बघ, खाज आली नाही तरच चेहऱ्याला. बाटली खिडकीत ठेवू नको, आणि खवट वास आला की दिव्यात घाल.

कोरफडीची दोन पानं कागदात गुंडाळून दिलीत. इथं बऱ्याच जणी चुकतात. पान कापलं की बुडातून पिवळा, कडू चीक निघतो, त्यानं आग होते. म्हणून पान कापून पेल्यात उभं करून ठेव, चीक निथळू दे, मग पाण्यानं धुऊन साल काढ आणि काचेसारखा पारदर्शक गर तेवढाच घे. तो सगळ्या चेहऱ्याला चालतो. उरलेला साठवू नको, होस्टेलला फ्रिज नाही.

मुलतानी माती आठवड्यातून एकदा, कपाळ-नाक-हनुवटीवर, तीसुद्धा पूर्ण वाळायच्या आत धुवायची. तडकेपर्यंत ठेवायची ती गंमत लहानपणीची. कडुनिंबाचा पाला उकळून पाणी लावतात त्याला माझी हरकत नाही, फार आशाही नाही. टी-ट्रीच्या तेलाबद्दल तू विचारलंस. ते ऑस्ट्रेलियाचं झाड, आणि १९९० साली तिथंच त्याच्या ५ टक्के जेलची बेंझॉइल पेरॉक्साइड या मुरमाच्या नेहमीच्या औषधाशी तुलना झाली होती. दोन्हींनी मुरूम कमी झाले, टी-ट्रीला वेळ जास्त लागला, पण आग कमी झाली. तेव्हा घ्यायचं तर ५ टक्क्यांचं जेल, आणि फक्त पुटकुळीवर. निव्वळ तेल थेट लावलं तर भाजल्यासारखं होतं.

आता जे मला खरं सांगायचंय ते. तुमच्या खोलीत एक ट्यूब फिरते असं तू बोलून गेलीस, "चार दिवसांत चेहरा साफ होतो" अशी. तिच्यावरचं बारीक अक्षर वाच. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांतलं एकही नाव असलं तर ते स्टेरॉइड आहे. ते डॉक्टरांनी नेमून दिलेल्या आजारात, नेमून दिलेले दिवस लावायचं औषध आहे. २०१८ पासून अशी क्रीम चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा केंद्राचा नियम आहे, तरी काउंटरवर येऊन मुलं-मुली नुसतं नाव सांगून मागतात. मी देत नाही, तर पुढच्या दुकानात जातात. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळतो, पुटकुळ्या बसतात, सगळ्यांना वाटतं जादू झाली. मग त्वचा पातळ होते, उन्हात लालबुंद होते, गालावर केस येतात, आणि बंद केलं की दुपटीनं पुटकुळ्या उठतात, म्हणून माणूस परत तेच लावतो. माझ्याकडं एक मुलगी यायची, ओढणी डोळ्यांपर्यंत ओढून. तिचे गाल मी एकदाच बघितले, बारीक लाल शिरांचं जाळं. तुझ्या मैत्रिणीला रागावू नको, पण हे पान तिला वाचायला दे. आधीच लावू लागली असेल तर मनानं एकदम बंद करू नये, त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवावं.

उन्हाचं म्हणशील तर स्कार्फ बांध, पण रोज धुतलेला. घामानं भिजलेला तोच स्कार्फ दिवसभर घासला की हनुवटीवर पुटकुळ्या येतात. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं दिलंय, पांढरट दिसेल, दिसू दे. डोक्याला तेल लावून झोपतेस ते कपाळावर उतरतं, धुवायच्या आधी दोन तास लावलं तरी पुरे. उशीची खोळ दर दोन-तीन दिवसांनी बदल. मेसमध्ये गोड चहा आणि बिस्किटं कमी कर, भाकरी मिळेल तेव्हा भाकरी घे. आणि गणित अडलं की बोटं आपोआप हनुवटीवर जातात तुझी, ते बंद. फोडलेल्या पुटकुळीचा काळा डाग आपल्या रंगाच्या त्वचेवर महिनोन् महिने राहतो.

हे सगळं सहा ते आठ आठवडे धरून कर, रोज आरशात मोजत बसू नको. तेवढ्यानं फरक पडला नाही, दुखऱ्या गाठी यायला लागल्या, खड्डे पडायला लागले, तर घरगुती उपाय थांबव आणि सरळ डॉक्टर. लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात त्वचारोगाची ओपीडी आहे, पुढं तिथंच शिकायचंय म्हणतेस तर एकदा बघून तरी येशील. पाळी पुढं-मागं होत असेल आणि जबड्याच्या कडेलाच पुटकुळ्या येत असतील तर तेही डॉक्टरांना सांग, त्याची तपासणी वेगळी असते. मला सांगायला लाजू नको, दिवसभर मी हेच ऐकतो. नाहीतर मम्मीला सांग.

पिशवीत तळाला वसमतच्या हळदीची पुडी आहे, ती आजीनं टाकली. साय-बेसनात कालवून लाव असा तिचा निरोप आहे. क्लासला पिवळी होऊन जायचं नसेल तर दुधात घालून पी, आणि फोनवर तिला "मिळाली" एवढंच सांग.

तुझा,
पप्पा