मसाई मारा मे महिन्यात नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांची परीक्षा संपली की सुट्टी, आणि सुट्टी पाहून सहलीचं बुकिंग, ही आपल्याकडची रीत. महाबळेश्वर किंवा केरळला ती चालून जाते. केनिया-टांझानियाच्या जंगल सफारीला मात्र ती अंगाशी येते. मार्चअखेर ते मे हा तिथल्या मोठ्या पावसाचा हंगाम. केनियातल्या मसाई मारा अभयारण्यातली बरीचशी जमीन काळी, कपाशीची. शिरोळकडच्या काळ्या रानात मोठा वळीव झाल्यावर ट्रॅक्टर कसा रुततो, हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. तीच माती तिथे आहे आणि आतले रस्ते कच्चे आहेत. टायरच्या खाचा चिखलानं भरल्या की चारही चाकांना जोर असलेली गाडीसुद्धा जागच्या जागी फिरते, आणि सकाळचा सगळा फेरा दुसरी गाडी येऊन ओढून काढेपर्यंत तिथेच संपतो. गवत उंच वाढलेलं असतं, त्यात बसलेला सिंह दहा पावलांवरूनही दिसत नाही. बरेच कॅम्प या काळात बंदच असतात. जाहिरातीत हेच दिवस सर्वांत स्वस्त दिसतात, आणि ते स्वस्त का, हे त्याच जाहिरातीत छापलेलं नसतं.

म्हणून आधी महिना ठरवावा, मग देश, मग कंपनी. नू म्हणजेच विल्डेबीस्टचे दहा लाखांहून मोठे कळप, सोबत झेब्रे आणि कुरंग, वर्षभर टांझानियातलं सेरेंगेटी आणि केनियातलं मारा या सलग पट्ट्यात पावसामागे फिरत असतात. जानेवारी ते मार्च ते दक्षिण सेरेंगेटीत, एन्डुटूच्या आखूड गवताच्या माळावर असतात. फेब्रुवारीच्या आसपास तिथे पिल्लं जन्मतात आणि त्यामुळे सिंह, चित्ते, तरस तिथेच गोळा होतात. जूनच्या सुमारास कळप पश्चिमेकडे ग्रुमेटी नदीच्या बाजूला सरकतात आणि साधारण जुलै ते ऑक्टोबर मारा नदी ओलांडतात. ‘नदी पार करतानाचे दृश्य नक्की’ असं लिहून देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. कळप काठावर चार-चार तास उभा राहतो, पुढचा नू पाण्यात पाय घालतो, मागे घेतो, आणि सगळे परत फिरतात. मारात किमान तीन रात्री असतील तरच त्या दृश्याची आशा धरण्यात अर्थ आहे.

मग शाळेच्या वेळापत्रकाचं काय करायचं? दिवाळीची सुट्टी हा चांगला मार्ग आहे, पण त्यासाठी दिनदर्शिका पाहावी लागते. ज्या वर्षी अधिक महिना येतो त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात सरकते. तोवर तिथला छोटा पाऊस सुरू होतो आणि कळप दक्षिणेला निघालेले असतात. दिवाळी ऑक्टोबरात असेल तर मारा उत्तम. दुसरा मार्ग जूनच्या पहिल्या पंधरवड्याचा, आपल्या शाळा उघडण्याआधीचा. मोठा पाऊस ओसरलेला असतो, गर्दी नसते, आणि माराचं प्रवेश शुल्कही तेव्हा निम्मं असतं. आणि मेच हवा असेल तर सरळ दक्षिण आफ्रिकेचं क्रुगर उद्यान घ्यावं. तिथे मेमध्ये कोरडा हिवाळा सुरू होतो, पानगळ होत जाते आणि जनावरं पाणवठ्यावर येऊ लागतात. क्रुगर आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या सुमारे अडीचपट आहे, त्यामुळे दोन दिवसांत ‘क्रुगर करून आलो’ म्हणता येत नाही. तिथे गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूनं चालते. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून स्वतः गाडी चालवत फिरता येतं. मात्र डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्यावर ४० किलोमीटरची मर्यादा आहे. फाटक बंद होण्याच्या वेळेआधी कॅम्पात पोचलंच पाहिजे, नाहीतर दंड होतो.

बुकिंग करताना ‘किती दिवस, किती रात्री’ यापेक्षा पुढचे प्रश्न महत्त्वाचे. मुक्काम फाटकाच्या आत की बाहेर? गाडी लँड क्रूझर की मिनीव्हॅन, आणि प्रत्येकाला खिडकी आहे का? मधल्या सीटवर बसलेल्या माणसाला सहा दिवस दुसऱ्याच्या खांद्यावरून जंगल पाहावं लागतं. प्रवेश शुल्क धरलं आहे का? माराचं परदेशी प्रौढांसाठीचं शुल्क सध्या जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे. ते तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ असं बारा तासांचं असतं. दोघांचे तीन दिवस धरले तर जुलैत नुसत्या प्रवेशाचे १,२०० डॉलर होतात. ते ‘तिथे भरायचे’ असं बारीक अक्षरात असेल तर स्वस्त पॅकेजचा हिशेब तिथेच फिरतो. नैरोबीहून माराला रस्त्यानं पाच-सहा तास लागतात, तेव्हा पहिला आणि शेवटचा दिवस प्रवासातच जातो, तो ‘सफारीचा दिवस’ म्हणून मोजू देऊ नये.

व्हिसाच्या बाबतीत एक चूक वारंवार होते. केनिया, युगांडा आणि रवांडा या तिघांचा मिळून एक पर्यटक व्हिसा आहे, त्यात टांझानिया नाही. मारा आणि सेरेंगेटी दोन्ही करायचं तर केनियाची ऑनलाइन परवानगी वेगळी आणि टांझानियाचा ई-व्हिसा वेगळा. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने हवी. डॉलर नेताना २००९ नंतर छापलेल्या, न फाटलेल्या, शाईचा डाग नसलेल्या नोटाच मागून घ्याव्यात. जुन्या नोटा पूर्व आफ्रिकेत घेत नाहीत.

आता सर्वांत जास्त घोळ होतो ती गोष्ट. पीतज्वराची लस. ही काविळीची लस नव्हे. हिपॅटायटिसचं इंजेक्शन घेऊन ‘झालं माझं’ म्हणणारे विमानतळावर अडकतात. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड दाखवावं लागतं (फक्त टांझानियाला जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी), आणि ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतं. कार्ड नसेल, किंवा दहा दिवस पुरे झालेले नसतील, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. या कडकपणाला कारण आहे. पीतज्वर पसरवणारा एडिस डास, म्हणजे आपल्याकडे डेंगी पसरवणाराच, भारतात भरपूर आहे, रोग मात्र अजून आलेला नाही. एक बाधित माणूस आला तरी साखळी सुरू होऊ शकते.

ही लस केंद्र सरकारनं मान्यता दिलेल्या केंद्रावरच घ्यावी लागते. नेहमीच्या डॉक्टरांनी टोचून चिठ्ठी दिली तर ती चालत नाही. एका कुपीत अनेकांचे डोस असतात, म्हणून केंद्रं ठरावीक वारी, नोंदणी करूनच लस देतात. पुण्या-मुंबईला त्यासाठी एक फेरी धरावी आणि ती प्रवासाच्या दीड-दोन महिने आधी धरावी. मूळ पासपोर्ट सोबत न्यावा. कार्डावरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक तिथेच, टेबलासमोर उभं राहून, अक्षर-अक्षर तपासावा. २०१६ पासून हे कार्ड आयुष्यभर वैध आहे, तेव्हा जुनं कार्ड असेल तर पुन्हा लस नको. अंड्याची तीव्र अॅलर्जी असलेले, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे, आणि पहिल्यांदाच ही लस घेणारे साठीपुढचे लोक यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावं. ही जिवंत विषाणूची लस आहे आणि उतारवयात तिचे गंभीर दुष्परिणाम तुलनेनं जास्त दिसतात. आजी-आजोबांना घेऊन जायचा बेत असेल तर हा प्रश्न पैसे भरण्याआधी सुटला पाहिजे. क्रुगरला जाणाऱ्यांनी, विमान नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे असेल तर, तिथे किती तास थांबा आहे ते पाहून याच नियमाची चौकशी करावी.

मलेरियासाठी गोळ्या लागतात आणि त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानंच. डॉक्सीसायक्लिन रोज एक, जाण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ते परतल्यावर चार आठवडे. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल महाग पडते, पण परतल्यावर सातच दिवस घ्यावी लागते. डॉक्सीसायक्लिन जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवं होऊ नये, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून छातीत जळजळते. तिच्यामुळे उन्हानं कातडीही लवकर भाजते, म्हणून टोपी आणि पूर्ण बाह्या. लहान मुलांना आणि गरोदर महिलांना ती देत नाहीत.

सामानाबद्दल. आफ्रिका म्हणजे ऊन, असं धरून सुती कपड्यांची बॅग भरली जाते आणि पहाटे सहाला उघड्या छपराच्या गाडीत माणसं कुडकुडतात. जून ते ऑगस्ट तिथे थंडीचे दिवस. टांझानियातल्या गोरोंगोरो विवराच्या कड्यावर, सुमारे २,३०० मीटर उंचीवर, रात्री हाडं गोठतात. कानटोपी, स्वेटर आणि वारा अडवणारं जॅकेट हवंच. रंग मातकट, खाकी, फिकट हिरवा. गडद निळा आणि काळा टाळावा, कारण त्सेत्से माशी त्या रंगांकडे येते आणि जाड कापडातूनही चावते. लष्करी ठिपक्यांचे कपडे नकोतच, झिंबाब्वे आणि झांबियासारख्या देशांत नागरिकांना ते घालायला बंदी आहे. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराला छोट्या विमानानं जाणार असाल तर हातातल्या पिशवीसकट १५ किलोची मर्यादा असते आणि बॅग मऊ, चाकं नसलेली लागते, कारण ती विमानाच्या पोटात कोंबावी लागते.

भडंग, शंकरपाळी, चटणी-भाकरीशिवाय आपला प्रवास होत नाही. न्यावं, पण डब्यात किंवा कापडी पिशवीत. केनियानं २०१७ पासून आणि टांझानियानं २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आहे, आणि केनियातला दंड मोठा आहे, तुरुंगवासाचीही तरतूद आहे. आपण चपला, ओले कपडे, चटणी, सगळं दुकानाच्या पिशव्यांत बांधतो. ती प्रत्येक गाठ घरीच सोडावी. ताजी फळं, हिरव्या मिरच्या, बी-बियाणं नेऊ नये. शाकाहाऱ्यांनी घाबरू नये, पूर्व आफ्रिकेत गुजराती समाज पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि तिथल्या स्वाहिलीत चपातीला ‘चपाती’च म्हणतात, गाडीला ‘गारी’.

केनिया-टांझानियात चौकोनी तीन पिनांचा प्लग लागतो, त्याचा अॅडॉप्टर इथूनच घ्यावा. दक्षिण आफ्रिकेत आपल्या गिझरच्या मोठ्या पिनेचा प्लग बऱ्याच ठिकाणी बसतो. ड्रोन नेऊ नये, केनियात तो विमानतळावरच काढून घेतात.

दुर्बीण दोघांत एक तरी हवी, ८ गुणिले ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. दहापट मोठं दाखवणारी घेतली की चालू इंजिनाच्या थरथरीत चित्र हलतं. ती आधी रंकाळ्यावर पहाटे वापरून पाहावी, जमल्यास दाजीपूरला गवे पाहताना. मुलांना तिथे गेल्यावर फोकस शिकवायला वेळ नसतो. कॅमेऱ्यासाठी ४०० मिलिमीटरपर्यंतची लेन्स पुरते, तिपाई मात्र गाडीत उघडता येत नाही. त्याऐवजी जुन्या जीन्सचा एक पाय गुडघ्यापासून कापून एक तोंड शिवावं, दुसऱ्याला नाडी लावावी. रिकामी पिशवी न्यावी आणि तिथल्या दुकानातून दीड-दोन किलो तांदूळ घेऊन भरावी. छपराच्या कडेवर ती ठेवली की लेन्स तिच्यात रुतून बसते. परतताना तांदूळ कॅम्पच्या स्वयंपाकघरात द्यावेत.

जुलै-ऑगस्टला जाणाऱ्यांनी आपल्या पंचगंगेचाही विचार करावा. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. विमान चुकलं तर पुढची सगळी साखळी तुटते, म्हणून मुंबईला दोन दिवस आधी पोचावं.

एक कळकळीची विनंती चालकाबद्दल. मारात जनावरापासून २५ मीटर अंतर आणि एका जनावराभोवती पाचच गाड्या, असा नियम आहे. ‘जरा पुढे घ्या की’ म्हणून आपण मागे लागतो आणि बक्षिसीच्या आशेनं तो पुढे घेतो. याचा सगळ्यात मोठा फटका चित्त्याला बसतो. तो दिवसा शिकार करतो, आणि गाड्यांनी वाट अडवली की शिकार हुकते, पिल्लं उपाशी राहतात. आपल्या संस्थानात शिकवलेले चित्ते काळविटांवर सोडत, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यासाठी आफ्रिकेतूनही चित्ते आणले गेले. त्या गावच्या मुलांना बिबट्या आणि चित्ता यांतला फरक निघण्याआधीच माहीत असावा. चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ असते आणि ठिपके भरीव असतात. बिबट्याचे ठिपके मध्ये पोकळ, फुलासारखे असतात.

परतल्यावर गोळ्या अर्ध्यात सोडू नयेत. पुढच्या तीन महिन्यांत कधीही ताप आला तर ‘पावसाळी ताप असेल’ म्हणून दोन दिवस काढू नयेत. दवाखान्यात शिरताच पहिलं वाक्य ‘आफ्रिकेतून आलोय’ हे सांगावं आणि त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करून घ्यावी. तिथला फाल्सिपेरम मलेरिया एक-दोन दिवसांत मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

आपला,
एक नियमित वाचक
ताराबाई पार्क, कोल्हापूर