घणसोलीच्या घराबद्दल, एकदाच सविस्तर

स्टुटगार्ट, ऑगस्ट

ती. बाबा आणि आई,
सा. न.

व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि बाबांचा प्रश्न नेमका अर्ध्यावर तुटतो. म्हणून लिहूनच काढते. मंदारदादा प्रिंट आणून देईल. बाबा, पेन्सिल घेऊन बसलात तरी चालेल.

मी मजेत आहे. वेळेवर जेवते. आई, फोटोवरून तू माझं वजन ठरवलंस ते चुकलंय. हिवाळ्याचं जाकीट अंगावर नव्हतं, एवढाच फरक.

तर नवी मुंबईतलं घणसोलीचं घर. आधी एक स्पष्ट सांगते, कारण फोनवर ते माझ्या तोंडून निघत नाही. मी ते राहायला घेत नाहीये, भाड्याने द्यायला घेतेय. "खिडकीत तुळस ठेवता येईल का," असं आईने विचारलं, तेव्हा मी हो म्हणाले. पण ती तुळस निदान सुरुवातीला भाडेकरूची असेल.

बाबा, तुमची धास्ती मला कळते. आजोबांचं नौपाड्यातलं घर, खालच्या मजल्यावरचे ते भाडेकरू, बेचाळीस रुपये भाडं आणि त्याची आजोबांनी स्वतः लिहून दिलेली पावती. पण तो १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याचा जमाना होता. आता लीव्ह अँड लायसन्स करतात, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम २४ आहे : मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि तोवरचं भाडं दुप्पट लागतं. अट एकच, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची. "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही" असं एजंट म्हणाला, तर हसून सोडून द्या. आपल्याकडे लागते. ती ऑनलाइन होते, आणि पोलिसांकडची भाडेकरूची माहितीही ऑनलाइनच भरायची.

आता इथली एक गंमत सांगते. आईला दोनदा सांगूनही ती पटलेली नाही. इथे भाड्याचं घर बऱ्याचदा स्वयंपाकघराशिवाय मिळतं. म्हणजे खोली असते, पण ओटा नाही, सिंक नाही, कपाटं नाहीत, शेगडी नाही. भिंतीतून पाण्याचे दोन नळ बाहेर आलेले, एक जाड वायर, आणि टाइल्सवर आधीच्या कपाटांच्या कडांचे डाग. भाडेकरू स्वतःच्या पैशाने स्वयंपाकघर घेतो, बसवतो, आणि घर सोडताना स्क्रू काढून, ट्रकमध्ये घालून नव्या घरी नेतो. तिथली भिंत वीस सेंटिमीटर लहान निघाली तर ओटा कापतो. न्यायचं नसेल तर पुढच्या भाडेकरूला विकतो, आणि त्यावर जी घासाघीस चालते ती पाहून वाटावं आपण जांभळी नाक्यावर उभे आहोत. कोणी कोणी दिवेही काढून नेतात. मी माझं स्वयंपाकघर आधीच्या बाईंकडून घेतलं, ते त्यांच्या उंचीचं आहे, म्हणून मी कणीक पाटावर उभी राहून मळते. एकदा घर मिळालं की इथे बरेच जण वर्षानुवर्षं त्याच भाड्याच्या घरात राहतात. अकरा महिन्यांचा करार ऐकून ऑफिसातल्यांना मी फसवली जातेय असं वाटलं. आई, घणसोलीला ग्रॅनाइटचा ओटा आहे आणि तो जागचा हलणार नाही. काळजी मिटली?

घर सेक्टरमधलं आहे, गावठाणातलं नाही. गावठाणातली घरं स्वस्त सांगतात, पण तिथल्या बऱ्याच इमारतींना ओसी, म्हणजे राहायला परवानगीचा पालिकेचा दाखला, नाही आणि त्यामुळे बँक दारात उभं करत नाही. आपल्या इमारतीला ओसी आहे. जमीन सिडकोची, साठ वर्षांच्या लीजवर, त्यामुळे हस्तांतरणाला सिडकोची एनओसी आणि तिचे पैसे आलेच. नव्या टॉवरमध्ये का नाही, असं काकांनी विचारलं. एक तर ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य आणि व्याज चालू, शिवाय बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी; ओसी झालेल्या जुन्या घरावर तो नाही. आणि एजंट नवी मुंबईच्या ज्या विमानतळाच्या नावाने भाव वाढवतोय, तिथून २०२५च्या डिसेंबरपासून विमानं उडतायत हे खरं, पण माझा भाडेकरू विमानाने कामाला जाणार नाही. तो शेजारच्या महापेला जाणार, नाहीतर घणसोली स्टेशनवरून ट्रान्स-हार्बर लोकल पकडून ऐरोलीला.

मंदारदादाला मी मुद्दाम जुलैत पाठवलं, भर पावसात. एप्रिलमध्ये सगळी घरं कोरडी असतात. बेडरूमच्या खिडकीखाली त्याने अंगठा दाबला आणि डिस्टेंपरचा पापुद्रा निघून हातात आला, आतलं प्लास्टर भिजलेल्या बिस्किटासारखं. ते त्याने कॅमेऱ्यासमोर धरलं. मालक म्हणाले, आजच पाऊस जास्त होता. पंच्याहत्तर लाखांचे बहात्तर तिथेच झाले.

बँक चोपन्न लाख देतेय, अठरा माझे. हप्ता सत्तेचाळीस हजारांच्या आसपास, भाडं बावीस-तेवीस हजार. भाड्यातच हप्ता फिटतो हे काकांचं गणित जमत नाही, फरक दरमहा मलाच भरायचाय आणि तो धरूनच मी चाललेय. मेंटेनन्स, रंगकाम, वर्षातला एखादा रिकामा महिना वजा केला तर हातात किमतीच्या तीन टक्केही येत नाहीत. एफडी बरी, असं बाबा म्हणतील. भाड्यापुरतं बोलायचं तर बरीच. पण एफडीत राहता येत नाही.

शिवाय मी परदेशात असल्यामुळे भाडेकरूने भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस कापून भरायचा असतो, बाकीचं माझ्या एनआरओ खात्यात, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांच्या इथल्या मिळकतीसाठी भारतात असतं त्या खात्यात. कर्जाचं व्याज धरून रिटर्न भरलं की माझ्या हिशेबाने तो परत मिळेल, पण साधा भाडेकरू हे ऐकूनच पळतो. म्हणून एखाद्या कंपनीने आपल्या माणसासाठी घेतलं तर उत्तम. नाहीतर नोकरी करणाऱ्या मुलींना द्यायचं. सोसायटीचे सेक्रेटरी "फॅमिलीच हवी" म्हणतायत, त्यांच्याशी मी बोलेन. इथे घर मिळवताना मी किती दारांवरून परत आलेय ते मला माहीत आहे. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते तो नॉन-ऑक्युपन्सी चार्जही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे त्यांना तुम्ही सांगू नका. मीच सांगते.

बाबा, तुमचं नाव लावलं नाही याचा राग धरू नका. खरेदीदार फक्त बायका असतील तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, सातऐवजी सहा. बहात्तर हजार वाचतात. म्हणून दुसरं नाव आईचं. आई, "मला कशाला" म्हणू नकोस. तुझ्या नावावर आजवर गॅस कनेक्शनसुद्धा नाही.

सही मात्र बाबांनाच करावी लागेल. मी म्युनिकच्या आपल्या वकिलातीत मुखत्यारपत्र करून कुरिअर करते. ते मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिथे मुद्रांक भरून घ्यायचं, पण तेवढं थांबू नका. पितृपक्ष लागायच्या आत नोंदणी व्हावी हे आईचं म्हणणं मान्य आहे. गुडघा एवढा दुखत असताना तुम्हाला दुय्यम निबंधकांकडे पाठवतेय, ते मला कळतं. लिफ्ट आहे का, दादाने विचारून ठेवलंय. आणि गुडघ्याच्या ऑपरेशनची एफडी मी मोडलेली नाही. काकांनी तसं म्हटलं असेल तर पासबुक बघा. डॉक्टरांनी दिवाळीनंतरची तारीख दिली तर त्यासाठी मी येईन. नोंदणीला नाही, पण ऑपरेशनला नक्की.

आत्याच्या रोहिणीच्या लग्नाला मात्र जमणार नाही. ऑपरेशन धरलं तर रजा तेवढीच उरते. आईच्या खात्यात पन्नास हजार टाकलेत, त्यातली पैठणी माझ्याकडून. आत्याला मी स्वतः फोन करते, तिच्याकडे माझी बाजू मांडत बसू नका.

आणि डोंबिवलीच्या स्थळाला "नाही" असं कळवा. मुलगा चांगला आहे, आम्ही नीट बोललो. पण "घर माहेरच्या नावाने घेताय की आमच्या" हे त्याच्या आईने दुसऱ्याच फोनवर विचारलं. कारण विचारलं तर पत्रिका जुळली नाही म्हणा. आई, खोटं वाटत असेल तर तू बोलू नकोस, बाबा बोलतील.

भाडेकरूचा करार मी अकराच महिन्यांचा करणार आहे. बाबा, त्याचा अर्थ लगेच काढू नका. ऑपरेशनच्या तारखेचं मात्र या आठवड्यात कळवा, तिकिटं महाग होतायत.

तुमची,
मनू