सुगडांच्या आव्यात भाजलेले पंजे

हिंगणघाट,
२५ जानेवारी

प्रिय रम्या,

तुझं पत्र मिळालं. नातीच्या पंजाचा ठसा मातीत घ्यायचा म्हणतोस, छानच. पण तो घरच्या ओव्हनमध्ये भाजायचा बेत वाचून मला हसू आलं. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू ऐकत नाहीस, नुसता 'हो हो' म्हणतोस. म्हणून लिहितो.

तुझा ओव्हन फार तर अडीचशे डिग्रीपर्यंत जाईल. त्यात माती वाळते, भाजत नाही. वरवरचं पाणी उन्हातही उडतं. मातीच्या कणांत बांधलेलं पाणी मात्र पाचशे-सहाशे डिग्रीला सुटतं, आणि ते एकदा सुटलं की त्या मातीचा पुन्हा चिखल होत नाही. तोवर पोरगी कौतुकाने ठसा धुवायला गेली, की हातात गाळच येणार. ओव्हनच वापरायचा असेल तर मैद्याचं कर: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, लागेल तसं पाणी, आणि शंभर-सव्वाशे डिग्रीवर दोन-तीन तास. दिसायला झकास होतं. मात्र मीठ हवेतली ओल ओढतं, आणि पुण्याच्या पावसाळ्यात ते मऊ पडेल. मला काही ते पटत नाही. आठवण ठेवायची आणि तीही पिठाची?

आम्ही शाळेत पहिली-दुसरीच्या पोरांचे पंजे केले, ते कुंभारांच्या आव्यात, म्हणजे उघड्यावर रचलेल्या भट्टीत, भाजून. शाळेत मातीकाम म्हटलं की वरचे लोक आजकाल 'उपक्रम' म्हणतात आणि फोटो मागतात. खरं तर १९३७ साली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिकवण्याची नई तालीम तिथून पुढे आली. आपल्या वेळी वेळापत्रकात मातीकामाचा तास होता, आठवतं? त्या तासाला आपण ग्राउंडवर असायचो.

माती ही पहिली अडचण. पोरं म्हणाली, वावरातली आणू. आपली काळी माती कापसाला सोनं, पण ठशाला अजिबात चालत नाही. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि उभी-आडवी फाटते. उन्हाळ्यात वावराला भेगा पडतात त्या ह्याच गुणाने. मग गावातल्या कुंभार काकाजींकडे गेलो. ते तळ्यातला गाळ आणतात, भिजवून वस्त्रगाळ करतात, त्यात राख, बारीक रेती आणि घोड्याची लीद मिसळून पायाने तुडवतात. लीद म्हटल्यावर वर्गात जी खसखस पिकली, ती थांबायला पुढचा तास गेला. काकाजी शांतपणे म्हणाले, "लीद जळून जाते, लेकरांहो. तिची जागा रायते. त्या जागेतून वाफ निंगते, नाहीतर भांडं फुटते."

वर्गात वीटभट्टीवरचा एक पोरगा आहे. भट्टीचा हंगाम सुरू झाला की नाव दाखल, संपला की दाखला. वाचनात मागे, म्हणून कोपऱ्यात बसणारा. त्या दिवशी मात्र सगळ्यांचे गोळे तोच तपासत फिरला. "हे लय वलं हाय. हाताले चिकटन." एकाच्या गोळ्यात पोकळी राहिली होती, त्याने तो गोळा जमिनीवर आपटून हवा काढली. मी मधे पडलो नाही. मला तरी कुठे तेवढं कळत होतं?

तर ऐक. माती पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवी. बोटभर जाडीची थापी कर. हात दाबल्यावर खाली निदान एक सेंटिमीटर माती उरली पाहिजे, नाहीतर तळव्याखालीच तडा जातो. हाताला राख चोळ, म्हणजे चिकटत नाही. मुलं स्वतः दाबतात तेव्हा बोटांची टोकं रुततात आणि मधला तळवा उमटतच नाही. आपण वरून एकेक बोट, मग अंगठ्याचा उंचवटा, मग मनगटाकडची बाजू, असं हळूहळू दाबायचं. टांगायचं भोक तुराटीने पाड आणि हवं त्यापेक्षा मोठं पाड, कारण ते आकसणार आहे. मागे नाव लिहायला आम्ही बाभळीचा काटा वापरला; तुमच्या सोसायटीत बाभूळ नसेल, टाचणी घे.

तुझी नात आठ महिन्यांची ना? त्या वयात पोर हात पसरून ठेवत नाही, मातीच मुठीत धरतं. झोपेत घे, नाहीतर सरळ पायाचा घे. पाय भांडत नाही.

खरं काम वाळवण्यात आहे. डिसेंबरातला आपल्याकडचा कोरडा वारा कडा आधी वाळवतो, मधलं ओलंच राहतं, आणि थापी वाकडी होते. म्हणून सुरुवातीला ओला बारदाना झाकायचा, मग नुसती सावली, आणि रोज पलटायचं. पोरं रोज आपापला हात पलटायची, आणि शेजाऱ्याचाही, भांडण काढायला. वाळलं की नाही ते बघायला थापी गालाला लावायची. गार लागली तर अजून पाणी आहे. हे काकूंनी शिकवलं, काकाजींच्या घरच्यांनी.

एका पोरीची आजी तणतणत शाळेत आली. टेकडीखाली तो सतीचा दगड आहे ना, बांगड्या भरलेल्या हाताचा, तो तिच्या मनात. "जित्त्या पोरीचा हात असा उमटवाचा नसते, सर." एक तरुण शिक्षक तिला अंधश्रद्धा समजावून सांगायला निघाला होता, त्याला मी चहा आणायला पाठवलं. त्या दगडावरचा हात कोणाचा आणि कशाने तिथे आला, हे ती म्हातारी आपल्यापेक्षा जास्त ओळखून होती. पोरीने पंजाऐवजी बैल केला आणि त्याच्या पाठीवर झूल म्हणून बोटांच्या खळ्या दाबत गेली. सगळ्यांत चांगली वस्तू तीच झाली, माझ्या मते.

काकाजी संक्रांतीच्या सुगडांचा आवा लावणार होते, त्यातच आम्हाला जागा दिली. खाली गोवऱ्या, पऱ्हाट्या, मधे सुगडं आणि आमचे पंजे, वर तणस, खापऱ्या आणि चिखलाचा लेप. गोवऱ्या रचताना एका पोरीने ओरडून दाखवलं, "सर, इच्यावर त काकूचा हात हाय!" खरंच की, प्रत्येक गोवरीवर थापणाऱ्या बाईची चार बोटं. ते हात जळणार होते आणि पोरांचे भाजणार होते. काकू म्हणाल्या, "माये हात रोजचेच हायेत, बाई," आणि पुढची गोवरी लावली.

विस्तव सुरुवातीला अगदी मंद ठेवतात. उरलंसुरलं पाणी एकदम वाफ झालं तर थापी फुटते. रात्रभर धुमसत राहिलं. आवा पूर्ण निवल्याशिवाय काकाजींनी कोणाला हात लावू दिला नाही. काही पंजे फुटले, त्यांचे मालक रडले, आणि रडून झाल्यावर तुकडे घेऊन गेले. धूर कोंडला त्या बाजूचे काळे निघाले, हवा मिळाली त्या बाजूचे लाल. मातीतलं लोह तेच, फक्त हवेचा फरक. एका पंजावर करंगळी लाल आणि अंगठा काळा. काकाजींनी सगळे लगेच पाण्यात बुडवले. मातीत चुनखडीचा खडा राहिला असेल तर भाजल्यावर त्याचा कळीचा चुना होतो, पुढे हवेतली ओल घेऊन फुगतो आणि खपली उडवतो. आधीच पाजलेलं बरं.

पंजे आम्ही हळदीकुंकवाला आयांना वाण म्हणून दिले. प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा बरं, असं मी म्हटलं. दोघीतिघींच्या चेहऱ्यावरून त्यांना डबाच हवा होता असं दिसलं. वीटभट्टीवरची ती बाई मात्र पोराचा हात ओढून ठशात बसवायला लागली. बसेना. वाळताना आणि भाजताना मिळून माती दहाव्या हिश्शाच्या आसपास आकसते. बारा सेंटिमीटरचा हात अकरावर येतो. मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "हा त मांगच्या वर्सीचा हात हाय." मांगच्या वर्षी ती दुसऱ्या कुठल्या तरी भट्टीवर होती. फोटो नसावा. मी आकसण्याचं गणित सांगितलंच नाही. तिने ठसा पदरात गुंडाळला.

तर तू मैद्याच्या नादी लागू नकोस. मुंढव्याला केशवनगरात कुंभारांची वस्ती आहे, तिथे जाऊन विचार, भट्टीत कोपरा देतील का. नाहीच जमलं तर उन्हाळ्याच्या आधी इकडे ये. माठांचा आवा लागणार आहे. माती काकाजींकडून मी भिजवून ठेवतो, पण वाळायला वेळ लागतो, तेव्हा दोन आठवडे आधी कळव. आणि पोरीला आण, नुसता हाताचा फोटो पाठवशील तू.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळू